गंगापूर रोडवर केलेली त्रिनिदादची रोटी

वर्गात मी आपणहून हात वर केला, असं दोन वर्षांत एकदाच झालं. तोही माझ्यासाठी नाही, आईसाठी.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात काय बोलावं आणि काय बोलू नये, हे घरी विचारायला कुणी नव्हतं. आम्ही नाशिकरोडला राहायचो. वडील कारखान्यात कामगार. आमची सगळी गल्ली बौद्धांची. वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सवलतीची यादी फळ्यावर लागायची आणि तिच्यात माझं नाव असायचं. कुणी तोंडावर काही म्हणत नसे. मीही कुणाच्या घरी जात नसे.

त्या महिन्यात इतिहासाच्या बाई आम्हाला ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांबद्दल शिकवत होत्या. करारावर अंगठा घेऊन, कलकत्त्याहून जहाजात बसवून माणसं समुद्रापार नेली होती. नेमकी तेव्हाच बाईंच्या घरी एक पाहुणी आली. बाईंची मोठी बहीण विलायतेत एका इस्पितळात नर्स होती, तिथली ही मैत्रीण. मूळची त्रिनिदादची. साठीच्या पुढची, रंगाने आमच्याचसारखी, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि पायात कापडी बूट. आजोबांच्या बापाचं गाव शोधायला ती उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याकडे जाऊन आली होती. गाव काही सापडलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ती बाईंकडे आठ दिवस राहिली.

बाईंनी तिला वर्गात आणलं. आम्हाला वाटलं, ती जुलमाचं काहीतरी सांगेल. तिने रोटीचं सांगितलं.

तिच्या आजीकडून तिला जे कळलं होतं ते असं. मळ्यावर मजुरांना शिधा मिळायचा: तांदूळ, डाळ, तेल, हळद, मीठ. गव्हाच्या पिठाऐवजी पुढे पिंपातलं पांढरं पीठ आलं, आपल्या मैद्यासारखं. हरभऱ्याची डाळ सहज मिळेना, मग पिवळ्या वाटाण्याची डाळ आली. गावाकडे सणाला डाळ भरून पुरी तळत. तिथे कढईभर तेल कुठून आणायचं? म्हणून ती तव्यावर आली आणि होता होता ताटाएवढी झाली. उसाच्या फडात जेवायला ताट-वाटी नेणं जमायचं नाही, म्हणून भाजी रोटीतच गुंडाळायची. "तुमच्याकडे रोटी भाजीबरोबर खातात," ती म्हणाली, "आमच्याकडे भाजी रोटीच्या पोटात जाते." बटाटा, हरभरा, भोपळा, बकऱ्याचं मटण, काहीही. आता तिथे हबशी, चिनी, गोरे सगळे ती खातात. कागदात गुंडाळलेली घेतात आणि रस्त्याने चालता चालता खातात, रस्सा कोपरापर्यंत ओघळतो. आणखी एक पराठ्याची जात असते. ती तव्यावरच दोन लाकडी पट्ट्यांनी बडवून तिच्या चिंध्या करायच्या. तिचं नावच फाटका शर्ट.

वर्ग हसला. मग ती म्हणाली की हिंदुस्थानात महिनाभर तिने सगळीकडे रोटी खाल्ली, चांगली होती, पण तिची नव्हती. स्वतः केली असती, पण गोदेच्या घाटावर पाय घसरून तिचं मनगट दुखावलं होतं. हात पट्टीत बांधून गळ्यात अडकवलेला होता.

बाईंनी विचारलं, "पातळ पोळी लाटणारं कुणी आहे का गं? मला तर साधी चपातीसुद्धा गोल येत नाही. रविवारी माझ्या घरी करू."

आणि माझा हात वर गेला. "माझी आई," मी म्हटलं. "तिच्यासारखी पुरणाची पोळी आमच्याकडे कुणाला येत नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं. बाई क्षणभर थांबल्या. फार नाही, एखादा श्वास असेल. मग म्हणाल्या, "छान. घेऊन ये त्यांना."

आईला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"कुणाच्या घरी?"

"बाईंच्या. गंगापूर रोडला."

"सैपाकघरात?"

"हो. आई, तिथं पाटावर बसून..."

"मी बंगल्यांत काम केलंय, पोरी. तुझ्या जन्माच्या आधी. तिथल्या सैपाकघराला दार आसतं." ती घासतच राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "येते. पण एक सांगून ठेवते. माझ्या हातचं केलेलं त्या घरानं खाल्लं नाय, तर मी तिथून उठणार. तुझ्या बाईला काय वाटंल, कॉलेजात काय म्हणतील, त्याचा इचार मी करायची नाय. आणि तू बी माझ्यासंगं उठायचं."

मी हो म्हटलं. रविवारपर्यंत माझं अभ्यासात लक्ष लागलं नाही. परीक्षेतल्या अंतर्गत गुणांपासून पुढच्या वर्षीच्या शिफारशीपर्यंत सगळं बाईंच्या हातात होतं, आणि मी आईला शब्द देऊन बसले होते.

शनिवारी पाहुणीने मला कृती सांगितली. मी ती वहीत उतरवून घेतली. माझं इंग्रजी पुस्तकातलं. ती भराभर, गात असल्यासारखं बोलायची, त्यामुळे अर्धं कळलं, अर्धं नाही. आईला मात्र मी थाटात सांगितलं, "काही विशेष नाही. डाळ शिजवायची, वाटायची, भरायची. आपल्या पोळीसारखंच."

रविवारी आम्ही दोन बस बदलून गेलो. आईने पांढरी, बारीक काठाची साडी नेसली होती आणि आपलं लाटणं फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतलं होतं. दुसऱ्याच्या लाटण्यावर हात बसत नाही, असं तिचं म्हणणं. ती मूळची सटाण्याकडची. तिकडे खापरावर करतात ते मांडे, हातावर झुलवून रुमालाएवढे पातळ केलेले, तिला येत. लाटणं हे तिच्या लेखी सोपं काम होतं.

बाईंनी पुढच्या दाराने घेतलं. स्वयंपाकघर मोठं होतं, ओटा, गॅस, खिडकीत तुळस. आणि देवघराच्या उंबऱ्याशी पाटावर बाईंच्या सासूबाई बसल्या होत्या. पांढरे केस, हातात जपमाळ. मला वाटतं बाईंनी त्यांना फक्त "मदतीला एक जण येणार आहेत" एवढंच सांगितलं असावं.

"गाव कुठलं तुमचं?" सासूबाईंनी आईला विचारलं.

"सटाण्याकडचं."

"आडनाव?"

आईने आडनाव सांगितलं. स्पष्ट, नेहमीपेक्षा थोडं मोठ्याने.

सासूबाई उठल्या, ओट्याच्या कडेला ठेवलेला आपला पाण्याचा तांब्या उचलला आणि देवघरात नेऊन ठेवला. मग परत येऊन त्याच पाटावर बसल्या. बाई फडताळात काहीतरी शोधत होत्या, त्यांची पाठ आमच्याकडे होती. त्या बराच वेळ शोधत होत्या.

आईने पिशवीतून लाटणं काढलं. "डाळ कुठाय?" एवढंच म्हणाली.

पाहुणी आंघोळीला गेली होती. एक वाजता कॉलेजातले दोन प्राध्यापक जेवायला यायचे होते. आईने हरभऱ्याची डाळ घेतली, कारण नाशिकमध्ये पिवळ्या वाटाण्याची डाळ बाईंना मिळाली नव्हती. धुतली, चढवली. मी बटाटे सोलत होते, छोले भिजलेले होतेच. माझं लक्ष सगळं सासूबाईंकडे. डाळ शिजली, आईने कट काढून बाजूला ठेवला, बाईंकडे गूळ मागितला, बाईंनी दिला. आईने तो डाळीत घालून उलथण्याने घोटायला घेतलं. मी हे सगळं पाहत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. डाळ, कट, गूळ, हे एकामागून एक येतं. आयुष्यभर तसंच पाहिलेलं.

पाहुणी केस पुसत आत आली, पातेल्यात डोकावली आणि बोटाने चाखून पाहिलं. तिचा चेहराच उतरला.

"हे गोड आहे," ती मला म्हणाली. "आणि हे लापशीसारखं झालंय. डाळ नखाने मोडली की उतरवायची, मी तुला सांगितलं होतं. कोरडी, भुगा व्हायला पाहिजे."

वहीत ते होतं. मी लिहून घेतलं होतं आणि आईला सांगितलं नव्हतं.

"काय म्हणती?" आईने विचारलं.

मी सांगितलं. आईच्या हातातलं उलथणं थांबलं. गडबडली की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. "हाई काय व्हयनं," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे असं पाहिलं, की मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. घरातली डाळ संपली होती. सव्वाअकरा वाजून गेले होते. बाई म्हणू लागल्या, "राहू दे, आपण पुरणपोळीच करू, त्यांनाही आवडेल," आणि पाहुणी हसून मान डोलवू लागली. ते हसू मला पाहवत नव्हतं.

तेव्हा उंबऱ्याकडून आवाज आला. "पुरण उत्तम झालंय. रंगावरून दिसतंय. डाळ शिजल्यावर कुणीही गूळच घातला असता."

आम्ही सगळ्या तिकडे वळलो.

"माझ्या डब्यात डाळ आहे," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "काढून दे त्यांना. डब्याला मात्र तूच हात लाव."

शेवटचं वाक्य त्या अगदी साध्या सुरात म्हणाल्या, दूध तापत ठेव म्हणावं तसं. मी आईकडे पाहिलं. आता ही उठेल. लाटणं फडक्यात गुंडाळेल आणि मला तिच्या मागे जावं लागेल. बाईंचे कान लाल झाले होते.

आईने नळाखाली हात धुतले. पुन्हा धुतले. माझ्याजवळून जाताना हळू म्हणाली, "आजून खायची येळ नाय आली."

दुसरी डाळ चढली. या वेळी मी वही उघडून ओट्यावर ठेवली. हळद घातली, दर दोन मिनिटांनी पाहुणी एक दाणा काढून नखाने मोडायची. मोडला तशी तिने हाताने खूण केली, आईने झटक्यात पाणी काढलं आणि डाळ परातीत पसरून वारा घातला. जिरं भाजलं, काळपट होईपर्यंत. आईला ते करपलं असं वाटत होतं, पाहुणी म्हणत होती, आणखी. पाट्यावर डाळ कोरडी वाटली, मीठ, मिरची, जिरं घालून. पाहुणीला लसूणही हवा होता, पण तो त्या घरात नव्हता. मैदा सैलसर मळून तेलाच्या हाताने झाकला. तोवर दुसऱ्या शेगडीवर बटाटा-छोल्याचा रस्सा उकळत होता.

आणि मग एक गोष्ट झाली, जिच्यामुळे माझं काम जवळजवळ संपलं. पाहुणीने ओट्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तवा." आईने तवा दिला. तिने म्हटलं, "बेलना, चौकी." आईने लाटणं आणि पोळपाट पुढे केले. "जीरा." "हळदी." "लोया," असं म्हणून तिने मूठ वळून दाखवली.

"लोया म्हंजे उंडा," आई मला म्हणाली, जणू मीच परदेशी होते. "आमी उंडा म्हनतो, ताई. उंडा."

"उंडा," पाहुणी म्हणाली.

"आणि तो फाटका शर्ट काय म्हनत हुतीस गं तू?" आईने मला विचारलं. मी पाहुणीला सांगितलं. तिने चांगल्या हाताने तव्यावर पोळी बडवल्याचा आविर्भाव केला, फट फट. आई म्हणाली, "आमच्याकडं पोळी फाटली तर सासू बोलायची. यांच्याकडं मुद्दाम फाडत्यात. बरंय यांचं."

उंबऱ्यावर जपमाळ थांबलेली होती, हे माझ्या लक्षात आलं.

पहिली रोटी लाटताना फुटली. भुगा कोरडा, तो पुरणासारखा धरून राहत नव्हता. दुसरी कडेला फुटली. पाऊण वाजला. बाहेर फाटक वाजलं, बाई पाहुण्यांना बसवायला दिवाणखान्यात गेल्या. तिसऱ्या वेळी आईने उंड्याची कड जास्त पातळ घेतली, तोंड दाबून बंद केलं, उपडा ठेवला आणि लाटण्याऐवजी आधी बोटांनीच दाबत दाबत पसरवला, मांड्याला करतात तसा. मग लाटणं, हलकंच, फिरवत. ती ताटाएवढी झाली, आतली पिवळी डाळ वरून दिसू लागली आणि तरी फुटली नाही. तव्यावर टाकली. तेलाचा बोळा फिरवला. ती टम्म फुगली.

पाहुणीने चांगला हात ओट्यावर टेकला होता. रोटी उतरली तशी तिने तिची चौघडी केली, एक कोपरा तोडून तोंडात टाकला, आणि डोळे मिटून उभी राहिली. मग मला एक तुकडा दिला. मी पुरणपोळी लहानपणापासून खाल्ली आहे, पण हे वेगळंच होतं. बाहेरून रेशमासारखी मऊ, आत जिऱ्याच्या धुराचा वास असलेला खारट भुगा, तो जिभेवर विरघळत नाही, सांडतो. बटाटा-छोल्याचा रस्सा तिच्यात ओतला की भुगा तो शोषून घेतो आणि सगळं एकजीव होतं. पाहुणीने ताट घेऊच दिलं नाही. "हातात," ती म्हणाली. "तळहातावर. खालून धरली नाही तर फुटते."

मग ती सासूबाईंकडे वळली. "त्यांना दे," ती मला म्हणाली.

मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "माझा उपास आहे."

आई तव्याकडे पाहत होती. "आज कोणता उपास?" तिने कुणाकडे न पाहता विचारलं. तिने गॅस बारीक केला. तिचा हात फडक्याकडे गेलेला मला दिसला.

पाहुणीने मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, त्या उपाशी आहेत, देवासाठी. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग आईकडे, मग उंबऱ्याकडे. इस्पितळात तीस-चाळीस वर्षं काढलेली बाई ती. तिला माणसं कळत असावीत.

"त्यांना सांग," ती म्हणाली. "माझ्या आजीची आई जहाजावर तीन दिवस जेवली नव्हती. ती ब्राह्मणाची होती. भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, कोण आहे, कुणाच्या हातचं आहे, ते तिला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी जेवली."

मला ते वाक्य न् वाक्य कळलं. ते सांगायचं म्हणजे काय होईल, ते मला दिसत होतं. न सांगावं तर आईचं फडकं समोरच होतं. मी म्हणू शकले असते की मॅडम हवापाण्याबद्दल बोलताहेत.

"काय म्हणते ती?" सासूबाईंनीच विचारलं.

मी सांगितलं. अडखळत, शब्द मागेपुढे करत, पण काही न गाळता. ब्राह्मणाची, हेसुद्धा सांगितलं.

दिवाणखान्यात बाई काहीतरी मोठ्याने हसून बोलत होत्या.

"चौथ्या दिवशी काय खाल्लं तिनं?" सासूबाईंनी विचारलं.

मी पाहुणीला विचारलं. "डाळ आणि रोटी," ती म्हणाली. "भंडाऱ्यानं वाढली ती."

सासूबाई उठल्या. फडताळातून आपली पितळी ताटली घेतली आणि ओट्यापासून चार हातांवर येऊन ती पुढे केली. आईने तव्यावरची नवी रोटी उतरवली होती, भाजी भरून मिटली होती. ती तिच्या दोन्ही तळव्यांवर होती आणि वाफाळत होती. चार हातांवरून ताटलीत वाढायची म्हणजे वरून टाकावी लागली असती. बंगल्यांतल्या कामाच्या काळात आईच्या पदरात अशा किती भाकऱ्या पडल्या असतील, ते मी कधी विचारलं नव्हतं.

आई हलली नाही. रोटी हातावर घेऊन उभी राहिली. तिचे तळवे लाल होत होते. "टाकली तर फुटंल," ती म्हणाली.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. वाफ कमी होत गेली एवढं आठवतं. मग सासूबाई दोन पावलं पुढे आल्या. आणखी एक. ताटली त्यांनी ओट्यावर ठेवली आणि ओंजळ केली. आईने रोटी त्यांच्या ओंजळीत ठेवली. खालून धरायची असल्यामुळे बोटांना बोटं लागली. त्यांनी उभ्यानेच एक घास घेतला, भुगा साडीवर सांडला.

"मीठ बेताचं आहे," त्या म्हणाल्या.

"मीठ बरोबर हाय," आई म्हणाली. "जिरं चढलंय."

सासूबाईंनी दुसरा घास घेतला, विचार केला. "जिरंच," त्या म्हणाल्या, आणि ती रोटी देवघराच्या उंबऱ्याशी बसून पूर्ण संपवली. नंतर त्यांनी आंघोळ केली की नाही, मला माहीत नाही. मी पुष्कळदा त्याचा विचार केला आहे.

त्यानंतर सगळी धावपळ झाली. दुभाषी म्हणून मला दिवाणखान्यात बसवलं. मी दोन रोट्या खाल्ल्या. पाहुणीने तीन खाल्ल्या आणि रस्सा पट्टीवर सांडला. प्राध्यापकांनी मजुरांबद्दल बरेच प्रश्न विचारले. बाई मधे मधे आत जाऊन गरम रोट्या आणत होत्या. निघताना पाहुणीने आईला एका हाताने मिठी मारली, बाईंनी दोनदा आभार मानले, आणि आम्ही बसथांब्यावर आलो.

बसमध्ये मी उत्साहात बोलत होते. सासूबाईंनी कशी खाल्ली, प्राध्यापक काय म्हणाले. शालिमारला दुसरी बस धरेपर्यंत मीच बोलत होते. आई खिडकीबाहेर पाहत होती.

"भूक लागली गं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने अठरा-वीस रोट्या केल्या होत्या, आणि तिला जेवायला बस असं कुणी म्हटलं नव्हतं. बाईंनी नाही, पाहुणीने नाही. मीही नाही. प्रत्येकीला वाटलं असेल, दुसरीने म्हटलं असेल. त्या घराने तिच्या हातचं खाल्लं, म्हणून ती उठली नव्हती. आणि उठली नाही, म्हणून शेवटपर्यंत तव्यापुढेच राहिली होती.

मी काहीतरी म्हणायला गेले. "राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या ध्यानात आलं न्हवतं. आता आलं."

पुढच्या रविवारी तिने घरी डाळ चढवली. मला वही वाचायला सांगितली आणि प्रत्येक पायरीला "मग?" म्हणून विचारलं. या वेळी लसूण घातला, भरपूर, आणि जिरं कमी भाजलं. वडील आणि भाऊ पाट मांडून बसले होते. पहिली रोटी तव्यावरून उतरली, टम्म फुगलेली. आईने ती कुणाच्याच ताटात वाढली नाही. स्टोव्ह बारीक केला, रोटीत बटाट्याचा रस्सा भरला आणि तिथेच बसून, आमच्या सगळ्यांच्या देखत, सावकाश खाल्ली. आम्ही थांबलो. मग तिने दुसरा उंडा घेतला.